ओन्नीचे तिरळे आकडे

ओन्नीला जाऊन दोन हिवाळे उलटले होते, तरी त्याची बायको लेम्पी त्याचा फोन रोज सकाळी चार्जिंगला लावायची. कॉफीच्या किटलीशेजारी त्याची जागा ठरलेली. त्या फोनवर आता कुणी बोलत नसे. येत ते फक्त निरोप, आणि तेही एकाच कारणाने. जुन्या मासेतळ्याकाठी ओन्नीने एक डबा लपवून ठेवला होता. तो कुणाला सापडला की फोन टिंग करायचा आणि लेम्पी हात पुसून चष्मा चढवायची. ‘सापडला. छान जागा.’ ‘पोर्टलंडहून आलो, भिजून चिंब झालो, पण सापडला. आभार.’ एवढंच असायचं. तेवढ्यावर तिची कॉफी गोड व्हायची.

खेळ तसा साधा. कुणीतरी रानात, पुलाखाली, दगडाआड डबा लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांशाचे आकडे इंटरनेटच्या नकाशावर टाकायचे, सोबत एका ओळीची खूण द्यायची. बाकीच्यांनी तो हुडकायचा, आतल्या वहीत सही करायची, हवं तर त्यातली एखादी वस्तू उचलून आपली एक ठेवायची, आणि डबा होता तिथे, होता तसा ठेवून यायचं. ओन्नी होता तेव्हा लेम्पी याला म्हाताऱ्यांचा लपंडाव म्हणायची. पुलापलीकडच्या आर्व्हिडला घेऊन तो शनिवारी सकाळी निघायचा आणि दुपारी दोघं चिखलाचे पुतळे होऊन परतायचे. त्यांना ती दारातच अडवायची आणि आधी सौनात, तापल्या दगडांच्या वाफेच्या न्हाणीत, पिटाळायची. पण त्यांच्याबरोबर एकदाही गेली नव्हती. आता वाटायचं, जायला हवं होतं.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी फोन टिंग झाला, पण तो निरोप कुणाला डबा सापडल्याचा नव्हता. नकाशाची देखरेख करणाऱ्या माणसाने कळवलं होतं, की सालो ओढ्याच्या मासेतळ्याकाठच्या डब्यात पाणी शिरल्याच्या तक्रारी आहेत. वही भिजून लगदा झाली आहे. मालकाने महिनाअखेरीपर्यंत स्वतः जाऊन डबा ठीक केला नाही, तर तो नकाशावरून कायमचा काढला जाईल.

लेम्पीने ते पुन्हा वाचलं. मग खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर भुरभुर पाऊस, टेकड्यांवर ढग, अंगणात ओन्नीने लावलेलं सफरचंदाचं झाड, त्याला चार कुजकी फळं लटकलेली. घरात ओन्नीचं बरंच काही होतं. बूट होते, करवती होत्या, टोपी होती. पण ते सगळं गप्प होतं. बोलायचा तो एक फोनच, आणि तोही त्या डब्यामुळे. डबा नकाशावरून गेला की हा फोन म्हणजे नुसता काचेचा तुकडा.

तिने ‘पुल्ला’ म्हणतात त्या वेलदोड्याच्या पावाचं मळायला घेतलेलं पीठ झाकून ठेवलं आणि ओन्नीचे बूट शोधायला लागली. तिचे स्वतःचे चिखलातले बूट कधीचे फाटले होते.

*

तळं खोऱ्यातल्या लोकांनीच खणलेलं. ओढ्यात परतणारे सामन मासे वर्षागणिक कमी होत गेले तेव्हा चर्चच्या तळघरात बसून, भरपूर कॉफी पिऊन आणि थोडं भांडून सगळ्यांनी ठरवलं. ओढ्याचं पाणी नळाने तळ्यात घ्यायचं, सरकारी केंद्रातून बोटाएवढी पिल्लं आणायची, हिवाळाभर त्यांना दाणा घालायचा, आणि वसंतात खालच्या तोंडाच्या फळ्या एकेक करून उचलायच्या. मासे हाकलायचे नाहीत, हे आधीपासून ठरलेलं. ज्याला जेव्हा समुद्राची ओढ लागेल, तेव्हा त्याने जावं. काही पहिल्याच रात्री निघून जायचे. काही महिनाभर दाराशी घुटमळायचे, माहेर सोडवत नसलेल्या लेकींसारखे.

मग एका थोरल्या पुरात ओढ्याने कूस बदलली. नळाच्या तोंडाशी नुसते गोटे उरले. तळं चालवायचा परवाना सरला, तो पुन्हा कुणी काढला नाही. तळ्यात पावसाचं पाणी साठत राहिलं आणि काठावर ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळ्या चढत गेल्या. त्याच वर्षी ओन्नीने तिथे डबा लपवला. लेम्पीने तेव्हा त्याला विचारलंही नव्हतं, कुठे आणि का. तळं बंद पडल्याचं दुःख तिला इतकं झालं होतं, की त्या वाटेला जायचंच नाही असं तिने मनाशी धरलं होतं. तसं ती नंतर गेलीही नाही.

शनिवार होता, म्हणून आर्व्हिड सौनासाठी आलाच. ओन्नी गेल्यावरही त्याची ही सवय मोडली नव्हती, आणि लेम्पीनेही मोडू दिली नव्हती. आयुष्यभर शाळेची बस चालवलेला माणूस. उंच, वाकलेला, बोलताना समोरच्या माणसाकडे कमी आणि आरशात मागे बघितल्यासारखा बाजूला जास्त बघणारा. लेम्पी मोठाले बूट घालून, लांब दांड्याची कात्री काखोटीला मारून उभी आहे हे बघून तो दारातच थबकला. तिने निरोप सांगितला. तो म्हणाला, यात एवढं काय, माझ्याकडे गाडीत एक नवा कोरा डबा पडलाय, तो मी जाऊन ठेवून येतो, तू कशाला या पावसात निघतेस.

“ओन्नीचा डबा तिथे असताना तुझा कशाला?” लेम्पीने विचारलं.

“अगं, भिजला म्हणतात ना तो. डबा म्हणजे डबाच. लोकांना सही करायला कागद मिळाला म्हणजे झालं.”

“ओन्नीने काय पाणी शिरेल असा डबा ठेवला असेल? सैन्यातला बंदुकीच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा होता तो, रबराच्या कडेचा. याच टेबलावर बसून त्याने तो हिरवा रंगवलाय. टेबलाला अजून डाग आहे.”

आर्व्हिडने टेबलावरच्या डागाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मग म्हणाला, बरं, मीही येतो. जाताना गाडीत तो इतका गप्प होता की लेम्पीला वाटलं, याला कंबरेचा त्रास होत असणार.

*

गाडी बंद फाटकापाशी लावून ते चालत आत गेले. आर्व्हिडच्या हातात त्याचं आकडे दाखवणारं यंत्र होतं. जरा चाललं की यंत्र सांगायचं, डावीकडे. आणखी जरा चाललं की, उजवीकडे. शेवटी ते दोघांना तळ्याच्या काठाशी उभं करून म्हणालं, अजून पुढे. पुढे पाणी.

आर्व्हिड म्हणाला, हे असंच आहे. ओन्नीने आकडे घेतले ते झाडांखाली, जुन्या यंत्रावर. त्याचे आकडे तिरळे. सरळ तळ्याच्या मधोमध नेऊन सोडतात. मग ज्याने त्याने काठ निवडायचा आणि शोधायचं. सगळे लोक खालच्या तोंडाकडे शोधतात, कारण तिथे वाट आहे आणि खूणही पाण्याबद्दलचीच आहे.

“काय खूण आहे?” लेम्पीने विचारलं, आणि त्याने यंत्र पुढे केलं. तिने ते हाताने बाजूला सारलं. “राहू दे. आधी वाट आहे तिकडे बघू.”

खालच्या तोंडाशी फळ्यांची चौकट अजून उभी होती, शेवाळून हिरवीगार. आसपासची माती लोकांच्या पायांनी पार तुडवलेली. फार शोधावं लागलं नाही. एका सैल फळीमागे बोट घातलं आणि लेम्पीच्या हाताला काहीतरी गुळगुळीत लागलं. बाहेर आली ती औषधाच्या गोळ्यांची नारिंगी बाटली. झाकण चिरलेलं, आत पाणी, पाण्यात कागदाचा लगदा. बाटलीवरचं चिठोरं कुणीतरी नखाने खरवडलं होतं, पण घाईघाईत. रक्तदाबाच्या गोळीचं नाव नीट वाचता येत होतं. त्याखाली रुग्णाच्या नावाची पहिली अक्षरंही.

लेम्पीने बाटली आर्व्हिडच्या समोर धरली आणि काही न बोलता उभी राहिली. तिचं हे काही न बोलणं ओन्नीला फार जड जायचं. आर्व्हिड तर त्यामानाने कच्चाच.

त्याने हळूहळू सगळं सांगितलं. मागच्या वर्षी पानगळीत तो मुद्दाम बघायला आला होता, डबा नीट आहे ना म्हणून. पहिल्यांदा ओन्नीबरोबर डबा लपवायला आला तेव्हा ओन्नीने त्याला गाडीतच बसवून ठेवलं होतं, नंतर शोध म्हणून. आणि नंतर शोधायचं राहूनच गेलं. दिवसभर शोधलं, सापडला नाही. त्याआधीही दोघातिघांनी ‘सापडला नाही’ असं लिहिलं होतं. आणखी एकाने लिहिलं असतं तर देखरेखवाल्याने डबा हरवला असं धरलं असतं. मग त्याने खिशातली गोळ्यांची बाटली रिकामी केली, आत कागद घातला, फळीमागे ठेवली आणि ‘सापडला’ असं लिहून टाकलं. खेळणाऱ्यांत अशी चूक पुष्कळांच्या हातून होते. आपल्याला सापडला नाही म्हणजे तो नाहीच, असं धरून दुसऱ्याच्या डब्याच्या जागी आपला ठेवून द्यायचा. सगळे तिला नावं ठेवतात आणि सगळे ती करतात.

“म्हणजे वर्षभर लोकांना सापडत होता तो ओन्नीचा डबा नव्हता,” लेम्पी म्हणाली. “मी रोज सकाळी तुझ्या रक्तदाबाच्या बाटलीचं कौतुक वाचत होते.”

“तुझा फोन वाजायचा थांबला असता, लेम्पी.” आर्व्हिड पाण्याकडे बघत म्हणाला. “तू त्याची वाट बघतेस, ते काय मला दिसत नाही? दर शनिवारी कॉफी ओतताना एक डोळा त्या फोनवर असतो तुझा.”

लेम्पीला राग आलेला होताच, पण त्याच्या मधोमध कुठेतरी ऊब लागली, आणि त्या उबेचाच तिला जास्त राग आला. तिने बाटलीतलं पाणी ओतून टाकलं आणि बाटली आर्व्हिडच्या कोटाच्या खिशात कोंबली.

“आज सौना तापणार नाही तुझ्यासाठी,” ती म्हणाली. “चल. ओन्नीचा डबा इथेच आहे.”

*

ओन्नी दाणा टाकायचा तो तळ्यात खांबांवर टाकलेल्या लाकडी फळीवर उभा राहून. बादली डाव्या हातात, उजव्याने मूठ भरून असा लांब फेकायचा की दाणे पावसासारखे सगळ्या तळ्यावर पडत. मासे उसळायचे, पाणी उकळल्यासारखं व्हायचं. लेम्पीने त्या फळीचे खांब चाचपले, सांधे चाचपले, पालथी पडून खालून हात फिरवला. आर्व्हिडने तिच्या कोटाचा पट्टा धरून ठेवला होता, आणि वर उभ्याने सांगत होता, की पुराने नेला असेल, अस्वलाने नेला असेल, पोरांनी नेला असेल. ती म्हणाली, अस्वलाला सही करता येते का. मग पुन्हा वाकली.

तिथे काही नव्हतं. खांबाला कोळ्याचं जाळं, जाळ्यात पावसाचे थेंब, बाकी काही नाही. तिचे गुडघे ठणकायला लागले. आर्व्हिडने आपलं घोडं पुन्हा पुढे दामटलं, की नवा डबा गाडीतच आहे, ओन्नी काही वरून भांडायला येणार नाही.

“मी आहे ना भांडायला,” लेम्पी म्हणाली. “दे ते यंत्र. काय खूण लिहिलीय त्याने?”

आर्व्हिडने वाचून दाखवली. ‘खाऊ घालायचं काम पाण्यावर सोपवा.’

लेम्पी फळीवरच बसली.

तिचा खांदा लहानपणी गवताच्या गंजीवरून पडून निखळला होता, तेव्हापासून हात वर जात नसे. दाणा तिला लांब फेकता यायचाच नाही. तिची पाळी आली की ती वरच्या तोंडाशी जाऊन बसायची, जिथे नळाचं पाणी सिमेंटच्या हौदातून तळ्यात पडायचं. दाणा त्या पाण्यात हळूच सोडायची. पाणी तो घेऊन जायचं, या कोपऱ्यात, त्या कोपऱ्यात, दुबळ्या पिल्लांपर्यंतसुद्धा. आणि तिची आई गाईंना कुरणातून घरी बोलवायची तीच हाळी ती माशांना घालायची:

या गं या, चांदीच्या पाठीच्या,
या गं माझ्या ओढ्याच्या पोरी;
खा गं, वाढा गं, दर्या बघा गं,
वाट ध्यानी ठेवा गं घरची.

ओन्नी हसायचा. मासे ऐकतात का कधी, म्हणायचा. चर्चनंतरच्या कॉफीला सगळ्यांसमोर सांगायचा, आमच्या बाईसाहेब हात हलवत नाहीत, त्यांनी पाण्यालाच वाढपी ठेवलंय. वर्षानुवर्षं हा एकच विनोद. ती दरवेळी म्हणायची, पुरे आता, जुना झाला. तो दरवेळी पुन्हा करायचा.

“त्याने डबा त्याच्या जागी नाही ठेवला,” लेम्पी म्हणाली. “माझ्या जागी ठेवलाय.”

वरचं तोंड दिसतच नव्हतं. तिथे ब्लॅकबेरीची जाळी डोक्याच्या वर गेलेली, एकात एक गुंतलेली, नखाएवढे काटे. पुरानंतर एक-दोन वर्षं तिकडे वाट राहिली असणार. पहिल्या लोकांना डबा सापडला तो तेव्हाचा. मग जाळीने वाट गिळली आणि लोक मोकळ्या बाजूला जायला लागले. आर्व्हिड म्हणाला, उद्या मोटारीची करवत घेऊन येऊ. लेम्पीने कात्री उघडली आणि पहिली फांदी तोडली.

तिने वर हात न उचलता खालून बुंधे कापायला घेतले. कापलेली फांदी आर्व्हिडने ओढायची आणि बाजूला टाकायची. कात्रीचा आवाज, फांदी ओढल्याचा आवाज, पाऊस. काट्यांनी आर्व्हिडच्या गालावर रेघ ओढली, तिच्या मनगटावर दोन. एकदा तिचा बूट चिखलात रुतला आणि पाय नुसता मोजा घेऊन बाहेर आला. आर्व्हिड हसला, मग हसल्याबद्दल घाबरला. तीही हसली. ओन्नीचा बूट दोघांनी मिळून उपसून काढला.

सिमेंटच्या हौदाची कड लागली तेव्हा तिने कात्री खाली ठेवली. हौद कोरडा होता, आत आल्डरच्या झाडांची पानं. कडेखाली एक कोनाडा होता. दाण्याची बादली पावसात भिजू नये म्हणून ती तो वापरायची. आता त्याच्या तोंडाशी एक सपाट दगड होता. तिने तो सरकवला.

हिरवा डबा. रंग एका कोपऱ्यात उडालेला, बाकी जसाच्या तसा. कडी उघडताना खटका वाजला तो इतका ओळखीचा, जणू स्वयंपाकघरातच वाजला. आत सगळं कोरडं. वही होती, पेन्सिल होती, कुणाच्या काय काय वस्तू. एक शिंपला, एक प्लॅस्टिकचा घोडा, कॅनडाचं नाणं. आणि तळाशी आडवं घातलेलं, दाणा घालायचं माप.

ते तिने स्वतः केलेलं होतं. कॉफीच्या डब्याचा पत्रा तिरका कापून, त्याच्या कडा दुमडून, आल्डरची मूठ बसवून. तळं बंद पडलं त्या साली ते हरवलं, आणि तिने ओन्नीला धारेवर धरलं होतं, की तुला एक वस्तू सांभाळता येत नाही. तो नुसता ओठ दाबून हसला होता, आणि त्या हसण्याचा तिला आणखी संताप आला होता.

मूठ तिच्या हातात बसली. अंगठ्याची झिजलेली जागा अंगठ्याखाली आली. ती हौदाच्या कडेवर बसली. आर्व्हिड पाठ वळवून उगाचच कापलेल्या फांद्या रचत राहिला.

*

शेवटी त्यानेच विचारलं, माप घरी नेणार ना? एखादी वस्तू नेली तर दुसरी ठेवावी लागते, माझ्याकडे एक किल्ली अडकवायची साखळी आहे.

लेम्पीने कोनाड्यातली ओली पानं त्या मापाने उपसून काढली. मग ते गवतावर पुसलं, कोटाच्या आत घालून कोरडं केलं, आणि डब्यात परत ठेवलं.

“त्याने हे लोकांच्या हातात यावं म्हणून ठेवलंय,” ती म्हणाली. “माझ्या भिंतीवर टांगायला नाही.”

आर्व्हिडने सहीसाठी पेन्सिल उचलली. तिने डब्याचं झाकण लावलं. कडीचा खटका पुन्हा वाजला.

“तुला कुठे सापडला? मला सापडला. तू तुझा येशील, तुझा शोधशील, तेव्हा सही करशील. आणि आधी घरी जाऊन तुझं ते ‘सापडला’ खोडशील. लोकांनी वर्षभर तुझ्यावर विश्वास ठेवलाय.”

“अगं, पण जागा मला आता माहीत आहे.”

“मग लवकर सापडेल,” लेम्पी म्हणाली.

दगड तिने होता तसा लावला. परतताना वाट मोकळी केली, पण पूर्ण नाही. शेवटची हातभर जाळी तशीच सोडली. शोधणाऱ्याने एवढं वाकावं.

घरी आल्यावर हात धुऊन ती ओन्नीच्या फोनसमोर बसली. त्या फोनवरून आजवर तिने फक्त वाचलं होतं. लिहिलं की वर ओन्नीचं नाव येणार, आणि मेलेला माणूस बोलायला लागला असं कुणाला वाटेल, हे तिला ठाऊक होतं. वाटो. एका बोटाने, शब्द पुसत, पुन्हा लिहीत तिने लिहिलं:

‘मी ओन्नीची बायको, लेम्पी. डबा जागेवर आहे आणि कोरडा आहे, आज माझ्या हाताने बघितला. बाटली त्याची नव्हती. ज्यांना बाटली सापडली त्यांनी पुन्हा यावं. आकडे तिरळे आहेत, तिरळेच राहतील. खूण बरोबर आहे. यापुढे डब्याची काळजी मी घेते.’

देखरेखवाल्याचं उत्तर रविवारी चर्चहून आल्यावर वाचलं. आभार मानले होते, आणि डबा नकाशावर पुन्हा सुरू केला होता.

आर्व्हिडकडून आठवडाभर काही नाही. पुलावर गाडी दिसली तरी तो हात करून निघून जायचा. पुढच्या शनिवारी लेम्पीचे दोन्ही हात पावाच्या पिठात होते तेव्हा फोन टिंग झाला. कोपराने तिने तो वळवला. मागच्या वर्षीच्या तारखेपुढचं ‘सापडला’ गेलं होतं. तिथे आता लिहिलं होतं, ‘दिवसभर शोधला. मला सापडला नाही. आर्व्हिड.’

ती वाचत होती तोवर तो पुन्हा वाजला. आजच्या तारखेला, त्याच नावाने: ‘सापडला. कोट फाटला. काटे कापायला पुढच्या खेपेला मलाही घेऊन जा. आभार, ओन्नी. आभार, लेम्पी.’

पीठ झाकून, हात पुसून ती मागच्या दाराने बाहेर पडली. आल्डरची लाकडं बेतानेच कोरडी होती, पण पेटतील. सौनाच्या चुलीत तिने ती एकेक करून रचली, आणि आर्व्हिड पुलावरून येईपर्यंत दगड तापावेत म्हणून जाळ मोठा केला.